उघड्या चाकांची गाडी

वसुंधरा, गाझियाबाद
१७ ऑगस्ट २०२५

केतकी,

फोन करू नका असं तू जाताना म्हणाली होतीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे. तुझा कोइम्बतूरचा पत्ता तुझ्या आईंनी दिला. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

मार्चमध्ये कोर्टाचे कागद झाले. ते तुझ्या आणि संग्रामच्या नात्याचे कागद आहेत. सासूबद्दल त्यात काहीही लिहिलेलं नाही, मी वाचून बघितले. तेव्हा माझ्यापुरतं काय ठेवायचं आणि काय नाही, ते माझं मी ठरवणार.

तुझा एक खोका आमच्या दुछत्तीवर राहिला आहे. (दुछत्ती म्हटलं की तू हसायचीस. माळा म्हणा ना आई, माळा! दिल्लीत चाळीस वर्षं काढल्यावर माळा आठवत नाही गं.) संग्राम म्हणाला, "कुरिअर कर नाहीतर कबाडीला दे. मला विचारू नकोस." मी दोन्ही केलं नाही. खोका उघडला. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या तुझ्या छोट्या रेसच्या गाड्या होत्या, तळहातावर मावतील अशा. एकेक काढून मी जेवणाच्या टेबलावर मांडत गेले. बाबांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "प्रदर्शन भरवतेस की काय?"

त्यात ती पांढरी गाडी आहे बघ, एका माणसाची, चारी चाकं बाहेर उघडी असलेली. मला ती हातात घेऊन एकदम ओळखीची वाटली. मग फोनवर तुझ्या टीमच्या पेजवर गेले. हो, बघते मी ते. संग्रामला माहीत नाही, बाबांना माहीत आहे. तू हल्ली चालवतेस ती गाडी हुबेहूब हीच, फक्त चाकं वेगळी. खेळण्याची चाकं चांदीसारखी चकचकीत आहेत, लग्नातल्या वाटीसारखी. तुझ्या गाडीच्या रिम तांबूस आहेत, आणि नुसत्या तांबूसही नाहीत, चहा उकळून उकळून पातेल्याच्या कडेला जो रंग येतो ना, तसा.

मी ठरवलं आहे की ही चाकं काढायची आणि तुझ्या रंगात रंगवायची. सरकारी हॉस्पिटलच्या डेंटल लॅबमध्ये मी अख्खी नोकरी लोकांचे दात बनवण्यात घालवली. शेजारच्या खऱ्या दाताला माझा दात कळायचा नाही, असं डॉक्टर स्वतः म्हणायचे. चार चाकांनी मला काय घाबरवायचं?

जेवत जा वेळेवर.

आई


वसुंधरा
९ सप्टेंबर २०२५

केतकी,

चाकांनी मला चांगलंच घाबरवलं.

आधी गाडी उघडावी लागते. तळाची पट्टी रिव्हेटनं ठोकलेली असते. लॅबमधला माझा जुना ड्रिल अजून चालतो, त्यानं रिव्हेटचं डोकं हळूहळू कोरून काढलं. ते छान जमलं. डॉक्टरांच्या कीड काढण्यापेक्षा सोपं, कारण गाडी ओरडत नाही. मग अॅक्सलच्या दांडीवरून चाक काढायचं. ओढलं तर प्लास्टिक तडकतं, गोल फिरवत फिरवत सैल करावं लागतं. टायर रबराचा, तो नखानं सोलून निघतो. उरते ती रिम, माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

पहिल्या खेपेला मी त्या चकचकीत मुलाम्यावरच रंग दिला. दुसऱ्या दिवशी नखानं पापुद्र्यासारखा निघून आला. दुसऱ्या खेपेला मुलामा ब्लीचमध्ये भिजवून उतरवला, पण रंग जाड झाला आणि आऱ्यांमधल्या फटी बुजल्या. चाक नाही, बटण दिसत होतं ते. पुन्हा सगळं धुतलं. तिसऱ्या खेपेला दिसायला झकास झालं, पण रंग भोकात शिरला आणि चाक फिरेना. बाबा म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवायचं आहे ना? न फिरलं तर कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "मला." जी कवळी नुसती दिसायला चांगली असते आणि चावता येत नाही, ती मी आयुष्यात कुणाला दिली नाही.

रंगासाठी कश्मीरी गेटला गेले. तिथे गाड्यांच्या सामानाची जी गल्ली आहे ना, तिथे एका दुकानात फोनवरचे तुझे फोटो दाखवले. एक उन्हातला, एक सावलीतला, एक संध्याकाळचा. एका फोटोवर विसंबून रंग मिसळायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दुकानदार म्हणाला, "आंटी जी, पोते के लिए बना रही हो?"

मी म्हटलं, "नहीं, बहू के लिए."

"बहू खिलौने से खेलती है?"

"बहू असली चलाती है. खिलौना मेरा है."

मग त्यानं फोन हातात घेऊन तुझा फोटो मोठा करून बघितला. हेल्मेट काखेत धरून उभी आहेस तो. आतल्या माणसाला हाक मारून त्यालाही दाखवला. मला चहा पाजला आणि तीन डब्यांतला रंग थोडा थोडा करून दिला, अख्खी डबी घ्यायला लावली नाही. येताना मेट्रोत मी पिशवी मांडीवर घेऊन अशी बसले होते की शेजारच्या बाईनं विचारलं, आत मिठाई आहे का.

तू बंगलोरच्या बाजूला कुठेतरी पाचवी आलीस असं वाचलं. पाचवी म्हणजे काय कमी नाही.

आई


वसुंधरा
५ ऑक्टोबर २०२५

केतकी,

झाली. चारही चाकं फिरतात. टेबलावर ढकलली की पार मिठाच्या बरणीपर्यंत जाते, वाकडीतिकडी न होता. रंग दुपारी खिडकीशी धरून जुळवला. लॅबमध्येही आम्ही दाताची शेड दुपारच्या उजेडातच बघायचो, ट्यूबलाइटखाली सगळं खोटं दिसतं. मी गाडी हॉलमधल्या शेल्फवर ठेवली आहे, माझ्या रिटायरमेंटच्या स्मृतिचिन्हाशेजारी. खरं सांगायचं तर स्मृतिचिन्ह थोडं मागे सारलं.

आता दुसरी बातमी. तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. संग्रामसाठी एक स्थळ आलं आहे. मुलीचं नाव स्वरूपा. मुनिरकाला डीडीएनं बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, वडील अनुरागराव रेल्वे बोर्डातून निवृत्त झाले. मुलगी एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. त्यांना संग्रामचं पहिलं लग्न माहीत आहे. परवा सगळे घरी आले होते.

ते यायच्या आधी संग्राम शेल्फपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ही आत ठेव."

"का?"

"आई, प्लीज यार. आज नको."

मी म्हटलं, माझ्या हातचं काम आहे, मी लपवत नाही. तूच सांग, ज्या कामाला मी दोन महिने दिले ते कपाटात घालू?

चहा झाला, पोहे झाले. अनुरागरावांची नजर गेलीच. "वा! ही हौस कुणाची?"

"आईची," संग्राम घाईघाईनं म्हणाला. "टाइमपास करते."

"टाइमपास नाही," मी म्हटलं. "केतकी जी गाडी चालवते, तिची ही नक्कल आहे. चाकं मी रंगवली. ती कोइम्बतूरला असते, रेस करते."

"केतकी म्हणजे..."

"म्हणजे तीच."

सगळ्यांचे कप जिथल्या तिथे राहिले. बाबांनी उगाच पंख्याचा वेग वाढवला. मला वाटलं उठतात आता ही मंडळी. पण स्वरूपा उठली ती शेल्फकडे गेली. गाडी उचलली, उलटी करून तळ बघितला, मग टीपॉयवर ठेवून बोटानं ढकलली.

"चालते की," ती म्हणाली.

मला ती मुलगी आवडली. तुला हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. तू पण पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा स्वयंपाकघरातला मिक्सर उघडून दुरुस्त केला होतास.

आई


वसुंधरा
२ नोव्हेंबर २०२५

केतकी,

तुझं पार्सल मिळालं. आत एवढीशी डबी आणि एका कागदावर चार शब्द, "आई, हा खरा रंग." मी डबी किती वेळ हातात धरून बसले ते सांगत नाही.

तुझा खरा रंग आणि माझा फोटोवरून जुळवलेला, दोन्ही पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी लावले आणि खिडकीत नेले. बाबांना फरक कळला नाही. वरच्या मजल्यावरच्या मॅडमना कळला नाही. मला कळला. तुझ्यात लाल किंचित जास्त आहे. नुसत्या फोनवरच्या तीन फोटोंवरून मी इतकी जवळ पोचले होते, हे मी माझ्या जुन्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अलकनंदाबाई, तुम्ही रिटायर कशाला झालात?" तरी मी चाकं परत काढली आणि परत रंगवली. पाचवी खेप. जवळजवळ बरोबर असलेलं घरात ठेवायची मला सवय नाही.

आता दुसरं. स्वरूपाचं आणि संग्रामचं लग्न होणार नाही.

ती एक दिवस एकटीच आली. दुपारी, कॉलेज सुटल्यावर. चहा नको म्हणाली. "काकू, मला एकच विचारायचं आहे. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी आईला सांगितलं की एका गो-कार्टवरून, त्या बसक्या रेसच्या गाडीवरून, भांडण झालं होतं. मी संग्रामला विचारलं. तो म्हणाला, कार्ट केतकीनंच विकली, कंटाळली होती ती, आणि नंतर त्याच्यावर ढकललं. तुम्ही घरातच होतात ना?"

केतकी, मी ते आजवर कुणापाशी बोलले नव्हते. नवरा-बायकोचं आहे, त्यांचं ते बघतील, असं मी धरून होते. तुझ्या माघारी कुणी विचारलं तर मी म्हणायची, जमलं नाही दोघांचं. ते खोटंही नव्हतं. पण तुझी कार्ट तू विकलीस हे कसं चालवून घ्यायचं मी? ती कार्ट तू पार्किंगमध्ये दर रविवारी पुसायचीस, सोसायटीच्या लोकांची बोलणी खायचीस.

मी तिला सांगितलं. तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी तू नाशिकला गेली होतीस. टेम्पो आला. संग्राम म्हणाला सर्व्हिसिंगला चालली आहे. टेम्पोवाल्याला पाणी मीच नेऊन दिलं. तू परत आलीस, खाली बघून वर आलीस आणि विचारलंस, कुठे आहे? तो टीव्ही बघत म्हणाला, "विकली. पानिपतचा माणूस होता, चांगला भाव दिला. तसंही आता हे सगळं बंद करायचंच होतं ना." तू त्याच्याशी भांडलीसुद्धा नाहीस. महिनाभरानं गेलीस.

स्वरूपानं सगळं ऐकून घेतलं. मी तिला म्हटलं, "माझा मुलगा वाईट नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे काकू. विकली म्हणून माझं काही म्हणणं नाही. माणसाच्या हातून होतं. पण तिनं विकली म्हणाला ना."

तिनं त्याच संध्याकाळी त्याला विचारलं. आधी तो नाही म्हणाला, मग हो म्हणाला. तिनं नकार कळवला.

संग्राम घरी आला आणि दारातच उभा राहिला. "माझं लग्न मोडलंस तू."

"मी खोटं बोलले का?"

"नाही."

"मग तू का बोललास?"

तो आता नोएडाला ऑफिसजवळ भाड्यानं राहतो. डबा पाठवू का विचारलं तर नको म्हणाला. बाबा माझ्याशी बोलतात, पण मीठ वाढ आणि दार लाव एवढंच. मला काय वाटतं ते तू विचारू नकोस. मी चाकं रंगवते आहे. तुझ्या खोक्यातल्या निळ्या गाडीचीही काढली.

तरी परत कुणी विचारलं तर मी परत तेच सांगेन.

आई


वसुंधरा
३० नोव्हेंबर २०२५

केतकी,

आज संग्राम आला होता. सांगून आला नाही. दुपारी बेल वाजली, दारात हा, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीतली भलीमोठी दुलई.

"हे काय?"

"पानिपतची आहे. थंडी पडली ना. घे."

मी दुलई घेतली आणि त्याला जेवायला वाढलं. पिठलं-भात होता. त्यानं दोनदा घेतलं. बाबा समोर येऊन बसले. ताट धुवून ठेवल्यावर तो स्वतःच बोलायला लागला.

कार्ट घेतलेल्या माणसाचा नंबर त्याच्याकडे होता. गेल्या रविवारी त्याला फोन केला आणि परत विकत घ्यायची म्हणून गाडी काढून पानिपतला गेला. त्या माणसाचा चादरींचा कारखाना आहे. शेडमागे मोकळं आवार आहे, तिथे जुने टायर लावून त्यानं रस्ता आखला आहे.

"त्याची मुलगी चालवत होती," संग्राम म्हणाला. "दहा-अकरा वर्षांची असेल. मी पोचलो तेव्हा ती गोल गोल फिरत होती. थांबायला तयार नव्हती. बाप हाका मारून दमला."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग थांबली. हेल्मेट काढलं, माझ्याकडे बघून म्हणाली, अंकल, ये पहले आपकी थी?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही, ओटा पुसत राहिले.

"मी म्हटलं, नहीं बेटा, मेरी नहीं थी."

"आणि परत मागितलीस?" बाबांनी विचारलं.

"नाही मागितली. तिच्या खालून कशी काढून घेणार? चहा प्यायलो, दुलई घेतली आणि आलो."

बाबा म्हणाले, "मराठी माणूस पानिपतवर गेला आणि दुलई घेऊन धडधाकट परत आला. इतिहासात पहिल्यांदाच होत असेल." संग्राम हसला. मग आम्ही तिघंही हसलो. घरात बऱ्याच दिवसांत आवाज झाला नव्हता.

माझी बाजू घेतोस का, असं मी त्याला विचारलं नाही. त्यानं तुझी माफी मागावी, असंही म्हटलं नाही. तो मोठा आहे, त्याला कळतं. पण केतकी, ते "मेरी नहीं थी" त्यानं एका अनोळखी पोरीला सांगितलं, ते मी ऐकलं आहे आणि मला ते पुरलं. तुला पुरावं असं माझं म्हणणं नाही.

शेवटची फेरी चौदा डिसेंबरला ग्रेटर नोएडाला आहे असं तुझ्या टीमच्या पेजवर आलं आहे. मी येते आहे. पास पाठवू नकोस, तिकीट मी काढलं. तिथवर मेट्रो जात नाही, तर टॅक्सी करेन. तू माझ्याकडे लक्ष द्यायचं नाहीस. तुझ्या कामाकडे बघ.

आई


वसुंधरा
१६ डिसेंबर २०२५

केतकी,

परवा तिथे एवढा गोंगाट होता की मला जे सांगायचं होतं त्यातलं काहीच सांगता आलं नाही. आता लिहिते.

तू विचारलंस, "आई, एकट्या आलात?" मी नाही म्हटलं. तू पुढे विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही. माझ्याबरोबर संग्राम होता. सकाळी टॅक्सी बोलवायला खाली उतरले तर हा गाडी घेऊन गेटवर उभा. बाबांनी त्याला कळवलं होतं. "बस," म्हणाला. एक्सप्रेसवेवर इतकं धुकं होतं की समोरच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. तो सावकाश चालवत होता. मी मनात म्हटलं, आज रेस होते कसली!

धुकं हटेपर्यंत आम्हाला स्टँडमध्ये बसवून ठेवलं. मी दुलईच आणली होती, पायावर घेतली. आजूबाजूला सगळी कॉलेजची मुलं. एकानं विचारलं, "आंटी, आपका कौन है?" मी तुझा नंबर सांगितला. तो म्हणाला, "अरे, वो तो नौवें से स्टार्ट कर रही है." मी म्हटलं, "स्टार्ट ही तो है."

ऊन पडलं आणि तुम्ही निघालात. मी दुर्बीण घेऊन तुझी चाकं शोधत होते. तुला खरं सांगू? फिरताना रंग दिसतच नाही. नुसतं तांबूस काहीतरी भिरभिरतं आणि निघून जातं. मी पाच वेळा रंगवलं ते कुणाला दिसणार नव्हतं तर! मला हसू आलं. मग वाटलं, तुझी टीम तरी ती रंगवतेच ना.

पहिल्या दोन चकरांत मला काही समजलं नाही. मग संग्राम हळूच म्हणाला, "आता बघ. त्या लांब पट्ट्याच्या शेवटी सगळे ब्रेक मारतील. ती मारणार नाही."

आणि तू मारला नाहीस. दोन गाड्या तुझ्या डाव्या हाताला राहिल्या आणि तू आतून निघून गेलीस. ती कॉलेजची मुलं उभी राहिली. मीही उभी राहिले, दुलई खाली पडली.

पुढच्या चकरेला तो परत म्हणाला, "इथे ती बाहेरून घेईल." तू बाहेरून घेतलंस. एकदा म्हणाला, "आता थांबेल, घाई करणार नाही, टायर वाचवेल." तू तसंच केलंस. मी त्याच्याकडे बघायला लागले.

"तुला हे कसं माहीत?"

"गुडगावला कार्टही असंच चालवायची."

"तू तर तेव्हा कार्टिंगच्या तिथे गाडीत बसून राहायचास म्हणे. फोन बघत."

"गाडीतून दिसायचं," तो म्हणाला.

शेवटच्या चकरेला तू तिसरी होतीस आणि मागचा मुलगा तुझ्या अगदी पाठीला लागला होता. संग्राम दोन्ही हात गुडघ्यांवर धरून बसला होता. तू रेघ ओलांडलीस तेव्हा तो सगळ्यात शेवटी उठला आणि सगळ्यात उशिरा बसला.

पॅडॉकमध्ये, तुमच्या गाड्या उभ्या असतात तिथे, मी एकटी आले, तो पार्किंगमध्ये थांबला. मी म्हटलं होतं, चल. तो म्हणाला, आज तिचा दिवस आहे, माझं तोंड कशाला. मला ते पटलं. तू घामानं भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, हातात तिसऱ्या नंबरचा कप. तुझ्या मेकॅनिकला तू म्हणालीस, "ये आई हैं, जिन्होंने पहिये बनाए." त्या मुलानं माझा हात हातात घेऊन माझी बोटं बघितली. एवढा मान मला हॉस्पिटलनं निरोपसमारंभात दिला नव्हता. तू म्हणालीस, गाडी आणली असेल ना, मला द्या. मी नाही म्हटलं. तुझी तुझ्याकडे आहे की. ही मी केली आहे, ती माझ्या घरी राहील. तुला बघायची असेल तर यावं लागेल. ये किंवा येऊ नकोस, शेल्फवर जागा तिची पक्की आहे.

आता जे लिहायचं होतं ते. परत येताना नोएडाच्या सिग्नलवर थांबलो तेव्हा संग्राम समोर बघत म्हणाला, "आई, तिथे मी असतो तर ब्रेक मारला असता. कुणीही मारला असता. ती फार चांगली चालवते."

मी म्हटलं, "मला काय सांगतोस? तिला सांग."

तो म्हणाला, "मी सांगितलेलं तिनं का ऐकावं? तू लिहितेसच ना तिला. तू लिही."

म्हणून लिहिलं.

आई